घरची बाग : लेखांक ७ — कोयीतून आंबा

आखाजीला रसाची पहिली पंगत उठली की बुऱ्हाणपुरात परसाच्या कोपऱ्यात कोयी साठू लागतात. जूनमध्ये पाऊस लागला की त्यातली एखादी आपसूक रुजते, तांबूस पानांचं रोप वर येतं आणि घरात वाद सुरू होतो. ठेवायचं की उपटायचं? आजी म्हणते ठेवा, लंगडा होता तो. नेमकी इथेच गफलत होते.

आपला जिल्हा केळीचा. खाण्याच्या केळीत बी नसतंच. फळाच्या मधोमध जे बारीक काळे ठिपके दिसतात, ती न वाढलेली बीजं. केळी लावायची ती कंदापासून, नाहीतर हल्ली टिश्यू कल्चरच्या रोपापासून. त्यामुळे पोर हुबेहूब आईसारखं निघणार, याची आपल्याला इतकी सवय झाली आहे की आंब्याकडूनही आपण तीच अपेक्षा धरतो. आंब्याचं तसं नाही. मोहोरावर माश्या बसतात, शेजारच्या झाडाचे परागकण आणतात, आणि कोयीत जो गर्भ धरतो त्यात बापाचाही वाटा असतो. लंगडा, दशहरी, हापूस, केसर यांच्या कोयीत असा एकच गर्भ असतो. लंगड्याच्या कोयीतून आंब्याचं झाड नक्की येईल, लंगड्याचं येईलच असं नाही. रायवळ आंब्यात झाडागणिक चव बदलते, ती याचमुळे.

शाहजहानला बुऱ्हाणपूरच्या एका झाडाचे आंबे फार आवडत. त्या झाडाचं नावच ‘बादशाहपसंद’ पडलं होतं. औरंगजेब दख्खनचा सुभेदार असताना, त्या झाडाचे चांगले आंबे आपल्यापर्यंत पोहोचत नाहीत अशी बापाची तक्रार होती आणि बापलेकांच्या पत्रव्यवहारात तो विषय निघाला. हिंदुस्थानच्या बादशहाने एका झाडासाठी रुसावं, याचं हसू येतं खरं. पण त्या झाडाच्या कोयी दिल्लीत पुरून काम भागलं नसतं, हेही तितकंच खरं.

याला अपवाद आहेत. कोकणापासून केरळपर्यंतच्या किनारपट्टीवर आंब्याच्या काही जाती अशा आहेत की एका कोयीतून दोन-तीन-चार कोंब फुटतात. त्यातले बहुतेक कोंब परागाशी संबंध नसलेल्या, निव्वळ आईच्या पेशींपासून झालेले असतात, म्हणून ते आईसारखेच निघतात. आपल्या परसातलं कागदी लिंबूही याच वळणाचं आहे. त्याचं बी बिनधास्त लावावं.

मग आंब्याची कोय लावूच नये का? असं मी म्हणणार नाही. पुण्याच्या गणेशखिंड फळ संशोधन केंद्रात डॉ. जी. एस. चीमा यांनी अलाहाबाद सफेदा पेरूची बियांपासूनची रोपं वाढवली आणि त्यातून १९२७ मध्ये एक झाड निवडलं. तोच आजचा सरदार पेरू, म्हणजे लखनौ-४९. पुढे १९३६ मध्ये त्याच केंद्रात आळंदी डाळिंबाच्या रोपांतून निवड झाली, तिचं नाव गणेश. बी आईसारखं निघत नाही म्हणूनच हे जमलं. अर्थात त्यांच्याकडे शेत होतं, रोपांच्या रांगा होत्या आणि नापसंत झाडं तोडायची मुभा होती. आपल्याकडे अंगणातली एक जागा असते, आणि कोयीचं झाड फळाला यायला सहा-आठ वर्षं घेतं, कधी जास्तही. तेवढं थांबून आंबट, दोरेवाला आंबा निघाला तर लोणचं घालायची तयारी हवी.

लावायचीच असेल तर कोय ताजी हवी. कपाटात जपून ठेवलेली कोय महिन्याभरात निकामी होते, कारण आतली ओल गेली की गर्भ मरतो. रस काढल्यावर कोय धुऊन, चोळून दोरे काढावेत आणि एक-दोन दिवस सावलीत सुकवावी. पाण्यात टाकल्यावर तरंगेल ती फेकून द्यावी. कडेने कात्रीने सांभाळून कवच उघडलं तर आतलं बी लवकर उगवतं, शिवाय आत भुंग्याने घर केलंय का तेही कळतं. बी फुगीर कड वर ठेवून दोन बोटं खोल लावावं. उंच पिशवी घ्यावी, कारण सोटमूळ सरळ खाली धावतं आणि उथळ कुंडीत ते वेटोळं घेतं. आपली काळी माती नुसती वापरू नये, पाणी धरून ठेवते. तिच्यात वाळू आणि कुजलेलं शेणखत मिसळावं. दोन-तीन आठवड्यांत कोंब दिसतो. पानं तांबडी आली म्हणून घाबरून औषध फवारू नका, कोवळी पानं तशीच असतात. पुढच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसाकडे सरकला की पश्चिमेकडून आडोसा मात्र लागतोच.

आता आजीचाही मान राहील असा मार्ग. रोप जागच्या जागी वाढू द्यायचं. पुढच्या पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टमध्ये, खोड पेन्सिलीएवढं झालं की ओळखीच्या, फळ देणाऱ्या झाडाची काडी आणून त्यावर पाचर कलम बांधायचं. काडीची पानं आठवडाभर आधी, देठ ठेवून, झाडावरच छाटलेली असावीत. मूळ आपल्या मातीत रुजलेलं आणि फळ हव्या त्या जातीचं, असं झाड तीन-चार वर्षांत मोहोरतं. कोकणात तर रोप पंधरा दिवसांचं असतानाच कोयीवर कलम करतात. त्याला कोय कलम म्हणतात, आणि नर्सरीतली पुष्कळशी हापूसची रोपं अशीच तयार होतात. कलमाखालून फुटलेला प्रत्येक कोंब खुडत राहायचं, नाहीतर खालचा रायवळ वरच्या जातीला दाबून टाकतो.

पुढच्या आठवड्यात पपई. तिथे बी चुटकीसरशी उगवतं, पण झाड नर आहे की मादी हे फुलं येईपर्यंत कळत नाही.