मधुमेह आणि आपले रोजचे ताट

महोत्सवी स्मरणिकेसाठी आरोग्यावर चार शब्द लिहावेत, अशी चालक मंडळींची सूचना आली. आम्ही वैद्य नव्हे, शाळामास्तर. परंतु मधुमेहाविषयी जे सांगावयाचे आहे त्यातील बरेचसे आम्ही शाळेत शिकवीतच असतो. जेवावयास बसल्यावर ते कोणाला आठवत नाही, एवढेच.

वर्गात आम्ही मुलांना कोरड्या भाकरीचा तुकडा न गिळता चावीत राहावयास सांगतो. थोड्या वेळाने तो गोड लागू लागतो. लाळेतील पाचकरस भाकरीतील पिष्टाची साखर करू लागलेला असतो. हेच काम पुढे आतड्यात पुरे होते आणि ती साखर रक्तात उतरते. स्वादुपिंडातून निघणारे इन्सुलिन तिला शरीराच्या पेशींत पोचविते. मधुमेहात इन्सुलिन अपुरे पडते किंवा शरीर त्याला दाद देत नाही, आणि साखर रक्तातच साचते. ती वर्षानुवर्षे साचून राहिली म्हणजे डोळे, मूत्रपिंडे आणि पायांच्या नसा यांचा नाश आरंभिते.

आमच्या एका वडीलधाऱ्या सहकाऱ्यांनी चहातील साखर केव्हाच सोडली होती. कुंदा समोर आला तरी हात जोडीत. पण दोन्ही वेळा तीन भाकरी आणि वर भात हा क्रम चालूच होता, कारण 'ज्वारीने साखर वाढत नाही' यावर त्यांचा दृढ विश्वास. पायाला झालेली जखम त्यांना कळलीच नाही, कारण संवेदना अगोदरच गेली होती. अखेर अंगठा काढावा लागला.

आमच्या बेळगाव भागात हा समज घरोघर आहे. ज्वारी चांगली, यात वाद नाही. तिच्यात चोथा अधिक, आणि पांढऱ्या भातापेक्षा ती सावकाश पचते. परंतु 100 ग्रॅम ज्वारीच्या पिठात सुमारे 70 ग्रॅम पिष्टमय पदार्थ असतात. 60 ग्रॅम पिठाची एक भाकरी धरली तर ते 40 ग्रॅमच्या आसपास झाले. दोनदोन चमचे साखर घातलेल्या चार कप चहातही साधारण तेवढीच साखर जाते. म्हणजे चहा फिका करावाच, पण भाकऱ्याही मोजाव्यात. गुळाचीही तीच गोष्ट. रंग तांबूस आणि नाव सात्त्विक असले तरी रक्ताला तो साखरच वाटतो. चिरमुरे हलके म्हणून आजाऱ्याला देतात. ते वजनाला हलके आहेत, रक्तातील साखर मात्र झपाट्याने चढवितात.

मग खावे काय? नवे काही आणावयास नको, ताट वाढण्याची रीत बदलावी. आपल्याकडे भाकरी वा भात मुख्य आणि भाजी तोंडीलावणे. हे उलटे करावे. अर्धे ताट मेथी, दोडका, भेंडी, कोशिंबीर यांनी भरावे. पाव भागात मटकीची उसळ, घट्ट वरण, अंडे किंवा मासा असावा. उरलेल्या पाव भागात भाकरी किंवा भात. दोन्ही हवे असतील तर दोन्ही निम्मे. शिवाय भाजी आणि उसळ आधी खावी, भाकरीभाताला मागाहून हात लावावा. अन्न तेच असूनही, केवळ या क्रमाने जेवणानंतरची साखर कमी चढते असे प्रयोगांत दिसले आहे. जेवून लगेच आडवे न होता दहापंधरा मिनिटे चालल्यानेही लाभ होतो.

उपासाचे दिवस हे वेगळे प्रकरण आहे. एकादशीचा साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट; मधुमेह्याला तो उपास नव्हे, मेजवानी होय. आमच्या घरांत रमजानच्या इफ्तारला खजूर, गोड सरबत आणि तळलेले पदार्थ एकदम पोटात जातात. एखादा खजूर आणि पाणी पुरे. सहरी चुकवू नये. पण इन्सुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्यांनी महिना दीड महिना आधीच डॉक्टरांना विचारावे, कारण औषध तेच आणि पोट रिकामे, यात साखर एकाएकी उतरू शकते. बोटाचे रक्त तपासल्याने रोजा तुटत नाही, असे उलेमांचे सर्वसाधारण मत आहे. साखर 70 च्या खाली किंवा 300 च्या वर गेली तर रोजा तेथेच सोडावा, असे डॉक्टर सांगतात. आजाऱ्याला धर्मानेही सवलत दिली आहे.

हातपाय कापू लागले, घाम सुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर ती साखर उतरल्याची खूण समजावी. अशा वेळी पथ्य बाजूला ठेवून तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता दवाखाना गाठावा.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेली पाहणी 2023 मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात देशात सुमारे 10 कोटी मधुमेही असल्याचा अंदाज आहे, आणि आपल्या शेजारच्या गोव्यात हे प्रमाण सर्वाधिक, शेकडा 26.4 आढळले. यांतील कित्येकांना आपला आजार ठाऊकही नसतो. घरातील बायकांचे तर विचारावयासच नको. सर्वांचे जेवण झाल्यावर त्या बसतात. तोवर भाजी संपलेली असते, भांड्यात भात उरलेला असतो, आणि तो टाकवत नाही म्हणून तोच खाल्ला जातो. त्यांच्यासाठी भाजी आधी काढून ठेवावी, आणि घरातील पुरुषांची तपासणी होते त्याच दिवशी त्यांचीही करून घ्यावी. उपाशीपोटी साखर 100 च्या आत असावी. 126 किंवा त्याहून अधिक आल्यास डॉक्टर पुन्हा तपासून निदान करतात. तीन महिन्यांची सरासरी दाखविणारी एचबीएवनसी ही तपासणीही करून घ्यावी. घरी यंत्र असेल त्यांनी पहिल्या घासापासून दोन तासांनी साखर मोजावी आणि ताटात काय होते तेही त्या आकड्याशेजारी वहीत लिहावे. औषधाच्या चिठ्ठीबरोबर ही वही डॉक्टरांपुढे ठेवावी.