देवनागरी मुद्राक्षरांच्या रचनेतील कठीण अक्षरे : मराठीच्या संदर्भात एक विवेचन

प्रास्ताविक :

छापील मजकूर वाचताना वाचकाचे लक्ष अक्षरांकडे नसते, अर्थाकडे असते. अक्षराकडे लक्ष जाते ते बहुधा काहीतरी बिघडल्यावरच. ‘वाङ्मय’ हा शब्द कित्येक ठिकाणी, क्वचित ग्रंथांच्या मुखपृष्ठांवरही, ‘वाड्मय’ असा छापलेला आढळतो. हा दोष सहसा लेखकाच्या किंवा मुद्रितशोधकाच्या माथी मारला जातो. तथापि त्याचे एक मूळ अक्षराच्या आकारातही आहे. ‘ङ’ आणि ‘ड’ यांच्यात फरक तो एका टिंबाचा. ते टिंब लहान असेल तर शाईत हरवते, मोठे असेल तर डाग वाटते आणि अक्षराला फार चिकटले तर वळणाचाच भाग होऊन जाते. ज्याने हा आकार रेखाटला त्याने या टिंबाचा किती विचार केला यावर शब्दाचे शुद्ध रूप टिकणे अवलंबून असते.

देवनागरीतील कोणती अक्षरे मुद्राक्षरकाराला सर्वांत अवघड जातात व का, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. हातांनी लिहिताना कठीण वाटणारे अक्षर आणि मुद्राक्षर म्हणून कठीण असलेले अक्षर ही एकच नव्हेत, हे प्रारंभीच नमूद करणे आवश्यक आहे. सुलेखनकार शब्द पाहून अक्षराचा आकार थोडा सैल किंवा आवळ करू शकतो. मुद्राक्षर मात्र एकदाच घडते आणि पुढे कोणत्याही शेजाऱ्याजवळ, कोणत्याही आकारात, बऱ्यावाईट कागदावर किंवा पडद्यावर त्याला तसेच उभे राहावे लागते.

सुलभ अक्षरांचे कुळ :

मुद्राक्षरकार ‘अ’पासून प्रारंभ करून ‘ज्ञ’पर्यंत क्रमाने जात नाही. तो आधी अशी काही अक्षरे घेतो, ज्यांच्यातून इतरांची मापे निघतात. ‘व’ ठरला की ‘ब’ जवळजवळ हाती येतो आणि ‘क’ची डावी बाजूही ठरते. ‘प’मधून ‘ष’ निघतो, ‘फ’लाही तोच आधार मिळतो. ‘य’ आणि ‘थ’, ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ ही अशीच भावंडे होत. या जोड्यांत धोका उलट दिशेचा आहे. साम्य इतके असते की ‘घ’ची शिरोरेखा सलग व ‘ध’ची तुटलेली एवढ्यावर वाचकाची भिस्त राहते. जुन्या वळणातील ‘ख’ हा ‘रव’ असा वाचला जाई. त्याचे दोन्ही भाग तळाशी जोडण्याची आज रूढ झालेली सुधारणा याच अडचणीतून आली.

या कुळातील बहुतेक अक्षरांना काना असतो. काना हा रचनेतील मोठा आधार होय. तो शिरोरेखेपासून तळापर्यंत सरळ उतरतो, अक्षराची उजवी सीमा निश्चित करतो आणि काढून टाकला की अक्षर अर्धे होते. ‘प’चा ‘प्’, ‘न’चा ‘न्’ करण्यास फारसे कौशल्य लागत नाही. म्हणूनच ज्या अक्षरांना काना नाही त्यांच्यापाशी मुद्राक्षरकाराची खरी परीक्षा सुरू होते.

काना नसलेली अक्षरे : विशेषतः ‘ह’ आणि ‘द’

ट, ठ, ड, ढ, द, ङ, छ, ह, इ ही अक्षरे शिरोरेखेला एका आखूड मानेने टांगलेली असतात. मानेच्या दोन्ही बाजूंना पांढरी जागा राहते. ‘नवमत’ अशा अक्षरसमूहात काने समान अंतराने येतात व ओळीला ताल मिळतो. ‘ठरवणे’ किंवा ‘हट्ट’ या शब्दांत तो ताल मोडतो. ‘ठ’ला बाजूंची जागा कमी दिली तर त्याचे पोट शेजारच्या काऱ्याला नव्हे, तर थेट कान्याला भिडते आणि अधिक दिली तर शिरोरेखेखाली भोक पडल्यासारखे दिसते. या अंतरांचे गणित मापपट्टीने सुटत नाही, डोळ्यानेच सोडवावे लागते.

देवनागरीच्या उभ्या उंचीतील पातळ्यांना अभ्यासकांनी शरीराच्या अवयवांवरून शिरोरेखा, स्कंधरेखा, नाभिरेखा, जानुरेखा, पादरेखा अशी नावे दिली आहेत. ‘प’ या उंचीत ऐसपैस राहतो. ‘ह’ला मात्र याच उंचीत मान, वरचे वळण, खालचे वळण आणि शेपटी इतके सर्व एकाखाली एक बसवावे लागते. वजनाने हलक्या अक्षरसंचात हे जमून जाते. ठळक संचात प्रत्येक रेघ जाड होते, पण उंची तेवढीच राहते. परिणामी आतील पोकळ्या बुजू लागतात. यावर उपाय म्हणून ‘ह’, ‘इ’, ‘झ’ यांच्या आतील रेघा ‘प’च्या रेघेपेक्षा मुद्दाम बारीक ठेवल्या जातात. डोळ्याला सारख्या दिसाव्यात म्हणून मापात असमान ठेवलेल्या या रेघा हे मुद्राक्षरकलेचे मर्मस्थान मानावे लागेल. वाचकाला त्या कधीच कळू नयेत यातच त्यांचे यश असते.

‘ह’ची अडचण येथे संपत नाही. ‘हृदय’मधील ‘हृ’, ‘ब्रह्म’मधील ‘ह्म’, ‘बाह्य’मधील ‘ह्य’, ‘चिन्ह’च्या उलट क्रमाचा ‘ह्न’ अशी त्याची जोडाक्षरे आधीच दाटलेल्या आकारात आणखी एक आकार घालतात. ‘द’चे कुटुंब याहूनही मोठे आहे : द्ग, द्द, द्ध, द्भ, द्म, द्य, द्र, द्व. यांपैकी बहुतेकांत दुसरे अक्षर लहान होऊन ‘द’च्या पायाशी लोंबते. ‘द्ध’मध्ये कोणते अक्षर आधी आणि कोणते नंतर, हे आकारावरून सहज उमगत नाही. ‘शुद्ध’ हा शब्दच ‘शुध्द’ असा लिहिला जाण्याची चूक इतकी सर्वत्र आढळते, तिला हाही एक हातभार लागला असावा. ‘उद्ध्वस्त’मध्ये तर द, ध आणि व अशी तीन व्यंजने एकत्र येतात. संचात हे रूप रेखाटलेले नसेल तर पाय मोडून ओळ भरावी लागते, किंवा लिहिणारा ‘उध्वस्त’ लिहून सुटका करून घेतो.

खिळ्यांच्या काळात या प्रश्नाला आर्थिक बाजूही होती. प्रत्येक जोडाक्षरासाठी पोलादी ठसा कोरावा लागे, त्यावरून मातृका घ्यावी लागे आणि ओतलेल्या खिळ्यासाठी जुळाऱ्याच्या पेटीत स्वतंत्र खण राखावा लागे. जावजी दादाजी यांनी १८६४ मध्ये मुंबईत ओतशाळा व १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू केला. संस्कृत ग्रंथांच्या छपाईसाठी तेथे जोडाक्षरांचा जो समृद्ध संच तयार झाला, त्याच्या देखणेपणाची कीर्ती सर्वदूर पसरली. ठसे कोरणारे कारागीर अक्षर प्रत्यक्ष छापायच्या आकारातच कोरत, हे लक्षात घेता त्यांच्या ‘ह्म’ किंवा ‘द्ध्य’कडे पाहताना आजही आदर वाटतो. दुसरीकडे, कठीण अक्षरे घडवण्याऐवजी वगळावीत असाही विचार झाला. स्वातंत्र्यवीर सावरकर आणि काका कालेलकर यांनी पुरस्कारलेल्या ‘अ’च्या बाराखडीत इ, ई, उ, ऊ यांची स्वतंत्र रूपे जाऊन ‘अि, अी, अु, अू’ येणार होती. ‘इ’ रेखाटण्याचा प्रश्न त्यामुळे सुटला असता हे खरे. परंतु वाचकाने ती रूपे स्वीकारली नाहीत.

मराठीचे ‘ळ’ आणि अर्धा ‘र’ :

मराठीपुरता विचार केल्यास सर्वांत अवघड अक्षराचा मान ‘ळ’ला द्यावा लागेल. दोन बंद पोकळ्या शेजारी-शेजारी, वर आखूड मान, आणि काना नाही. अक्षर रुंद होते; अरुंद केले तर पोकळ्या बुजतात. प्रमाण हिंदीत या वर्णाचा वापर नसल्याने केवळ हिंदी मजकूर डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या संचांत ‘ळ’ शेवटी, उरकून टाकल्यासारखा आलेला दिसतो. मराठीत तर तो पावलोपावली लागतो. शिवाय त्याचे सामान्यरूप ‘ळ्या’ होते : डोळ्यांत, पावसाळ्यात, सगळ्यांना. येथे ‘ळ’च्या दुसऱ्या पोकळीला लागून ‘य’चे आखडलेले रूप यावे लागते. ते नसले म्हणजे एका साध्या वाक्यात चार ठिकाणी पाय मोडलेला ‘ळ’ दिसतो आणि परिच्छेद ठेचकाळत जातो.

दुसरे खास मराठी रूप म्हणजे ‘य’ आणि ‘ह’ यांच्या आधी येणारा अर्धा ‘र’. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल जागा. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ दिलेले निमंत्रण अगदी वेगवेगळ्या कामांसाठी असते. कऱ्हाड, गुऱ्हाळ, तऱ्हा, ऱ्हास हे शब्द रफाराने लिहिताच येत नाहीत. पापणीसारखी ही छोटी वक्र रेघ दिसायला क्षुल्लक; पण ती अक्षर नाही, मात्रा नाही, आणि तिला स्वतःचे वजन मात्र हवे. ती फार बारीक झाली तर लहान आकारात पुसली जाते, फार जाड झाली तर पुढील ‘य’ला खांद्यावर ओझे दिल्यासारखे दिसते. युनिकोडमध्ये तिच्यासाठी ‘ऱ’ या वर्णाची योजना आहे. ‘बॅट’च्या धर्तीवरील ‘ॲ’ या स्वराला मात्र २००८ च्या ५.१ या आवृत्तीपर्यंत वाट पाहावी लागली.

शिरोरेखेवरील गर्दी :

‘मूर्तींना’ या शब्दात ‘ती’वर वेलांटी, रफार आणि अनुस्वार हे तिघे एकाच जागी येतात. सुटी चिन्हे सुंदर असून भागत नाही, त्यांची एकत्र मांडणी स्वतंत्रपणे रेखाटावी लागते. ऱ्हस्व वेलांटीची अडचण वेगळी आहे. ती अक्षराच्या डावीकडे उभी राहते, पण तिची कमान उजवीकडील कान्यापर्यंत पोचावी अशी अपेक्षा असते. ‘रि’ला आखूड कमान पुरते, ‘णि’ला लांब लागते, ‘क्ति’ला त्याहून लांब. खिळ्यांच्या काळात एकदोन मापांवर भागवले जाई आणि कमान कोठेतरी मधेच संपे. १९५३ च्या लखनौ येथील लिपिसुधार परिषदेने ही वेलांटी उजवीकडे नेण्याचा मार्ग सुचवला होता. तोही टिकला नाही. आजच्या संगणकीय संचांत वेगवेगळ्या रुंदीच्या अनेक वेलांट्या ठेवून योग्य ती आपोआप निवडण्याची सोय करता येते. अर्थात त्या प्रत्येकीचा बाक कोणीतरी रेखाटलेला असावा लागतो.

‘ल’ आणि ‘श’ यांचे मराठी वळण :

मराठी वळणाचा ‘ल’ दोन पाकळ्यांचा असतो व ‘श’ देठाचा. हिंदीत प्रचलित असलेली रूपे यांहून भिन्न आहेत. हिंदी ‘ल’ला काना आहे. पाकळीयुक्त ‘ल’ला तो नसल्याने काना गाळून अर्धा ‘ल’ करण्याचा सोपा मार्ग बंद होतो. त्याहून नाजूक बाब अशी की, ठळक वजनात आणि लहान आकारात या ‘ल’च्या पाकळ्या मिटू लागतात व तो ‘ळ’जवळ जातो. ‘वेल’ आणि ‘वेळ’, ‘काल’ आणि ‘काळ’ यांत गल्लत होऊ नये म्हणून ‘ल’च्या पाकळ्या किती उघड्या ठेवायच्या आणि ‘ळ’च्या पोकळ्या किती गोल, हे दोन्ही अक्षरे शेजारी ठेवूनच ठरवावे लागते. अक्षरे नुकतीच ओळखू लागलेल्या पहिलीच्या मुलासाठी किंवा दृष्टी मंदावलेल्या वृद्धासाठी हा प्रश्न सौंदर्याचा नसून वाचता येण्याचा आहे.

संगणकावर ही दोन्ही वळणे एकाच वर्णक्रमांकाखाली येतात. ‘विंडोज २०००’बरोबर आलेला ‘मंगल’ हा र. कृ. जोशी यांनी रचलेला संच असंख्य वाचकांचा संगणकावरील देवनागरीशी पहिला परिचय ठरला. त्यानंतर अनेक भारतीय मुद्राक्षरकारांचे संच उपलब्ध झाले असून ‘एक टाइप’ या मुंबईतील गटाचे ‘मुक्ता’ व ‘बलू’ हे त्यांपैकी परिचित होत. ओपनटाइप तंत्रात मजकुराची भाषा मराठी असल्याचे नोंदवले आणि संचात मराठी रूपे रेखाटलेली असली, तर ‘ल’ व ‘श’ आपोआप बदलतात. भाषा हिंदी नोंदवलेली राहिली तर त्याच संचातून हिंदी वळण उमटते. टंकलेखन करणाऱ्याने प्रारंभीच दस्तऐवजाची भाषा निवडली नाही, तर मुद्राक्षरकाराने घडवलेल्या त्या दोन पाकळ्या संचात असूनही पानावर येत नाहीत.