सोय हवी की खासगीपणा?

नवा मोबाइल घेताना ग्राहक कॅमेरा पाहतो, बॅटरीची चौकशी करतो, किमतीत घासाघीसही करतो. मात्र, त्या मोबाइलची ऑपरेटिंग सिस्टिम आपल्याविषयी कोणाला काय कळवणार, हा प्रश्न दुकानात क्वचितच विचारला जातो. बँक व्यवहारांपासून डॉक्टरांच्या अहवालांपर्यंत सारे काही याच उपकरणात साठत असल्याने तो विचारणे अगत्याचे ठरते.

बाजारात प्रामुख्याने दोन पर्याय आहेत : गूगलची अँड्रॉइड आणि अ‍ॅपलची आयओएस. गूगलच्या उत्पन्नाचा मोठा भाग जाहिरातींतून येतो, तर अ‍ॅपलचा मुख्य व्यवसाय उपकरणे विकण्याचा. दोघांच्या धोरणांतील फरकाचे मूळ येथे आहे. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधील प्रा. डग्लस लीथ यांनी २०२१मध्ये केलेल्या अभ्यासात, फोन सुरू होताना अँड्रॉइड गूगलकडे सुमारे एक एमबी, तर आयफोन अ‍ॅपलकडे सुमारे ४२ केबी माहिती पाठवतो, असे आढळले. गूगलने या मोजणीच्या पद्धतीवर आक्षेप घेतला होता. मात्र, वापर नसतानाही दोन्ही फोन सरासरी दर साडेचार मिनिटांनी आपापल्या कंपनीशी संपर्क साधतात, हेही त्याच अभ्यासाने दाखवले.

अ‍ॅपलने एप्रिल २०२१पासून, इतर कंपन्यांच्या अ‍ॅप व संकेतस्थळांवर माग काढण्यापूर्वी वापरकर्त्याची परवानगी घेणे अ‍ॅपना बंधनकारक केले. मात्र, तेथेही सारे आलबेल नाही. आयफोनवर गूगलचे सर्च इंजिन आधीपासून निवडलेले असावे, यासाठी गूगलने २०२२मध्ये अ‍ॅपलला सुमारे २० अब्ज डॉलर दिल्याचे अमेरिकेतील न्यायालयीन कागदपत्रांतून उघड झाले.

तिसरा मार्ग खडतर

गूगलच्या सेवा वगळलेली ग्राफीनओएससारखी प्रणाली हा तिसरा मार्ग. अँड्रॉइडचा मूळ गाभा सर्वांसाठी खुला असल्याने ती शक्य झाली. गंमत म्हणजे, गूगलपासून दूर नेणारी ही प्रणाली आजवर गूगलच्याच पिक्सेल फोनसाठी तयार होत आली आहे. त्यात गूगलचे अ‍ॅप हवेच असतील, तर ते विशेषाधिकारांविना, इतर अ‍ॅपप्रमाणेच चालवता येतात. अडचण येते ती बँकेच्या दारात. काही बँकांची अ‍ॅप फोनला गूगलचे प्रमाणपत्र आहे का, हे तपासतात. नसेल तर ती सुरूच होत नाहीत. भाजीवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत 'यूपीआय'ने पैसे देणाऱ्या शहरवासीयाला ही किंमत परवडेलच असे नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही २०२३मध्ये संसदेने संमत केला. मात्र, 'परवानगी द्या' या बटणावर बोट ठेवताना निर्णय ज्याचा त्यालाच घ्यावा लागतो.

हे जरूर करा

फोन न बदलताही बरेच साधता येते. लोकेशनची परवानगी केवळ 'अ‍ॅप वापरताना' एवढीच ठेवावी. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमधून जाहिरातींसाठीचा ओळख क्रमांक काढून टाकावा. विनावापर अ‍ॅप हटवावीत. सुरक्षेचे अपडेट बंद झालेला फोन बँकेच्या कामासाठी वापरू नये.

सोय टाळणे प्रत्येकाला शक्य नाही. पण तिच्या बदल्यात आपण काय देतो, याचा हिशेब ठेवणे प्रत्येकाच्या हाती आहे.