जिभेला वाट सापडत नाही तेव्हा

कल्पना करा, घरातील एक वडीलधारे गृहस्थ अर्धांगवायूच्या झटक्यातून सावरत आहेत. हातापायांतील बळ बरेचसे परत आले आहे; ऐकू येते, विचारलेले समजते. डॉक्टर त्यांना म्हणतात, “नमस्कार करून दाखवा.” गृहस्थ आपल्या हातांकडे पाहतात, एक हात छातीपाशी नेतात, बोटांची उघडमीट करतात आणि ओशाळून थांबतात. इतक्यात दारातून जुने स्नेही आत येतात आणि त्याच क्षणी ते दोन्ही हात आपसूक जुळतात! घरच्या मंडळींच्या मनात काय येईल ते सांगावयास नको. ‘यांना सारे जमते, करावयाचे नाही, एवढेच.’

वाचकहो, हा हट्ट नव्हे आणि बुद्धिभ्रंशही नव्हे. वैद्यकशास्त्रात यास ‘अप्रॅक्सिया’ म्हणतात. स्नायू शाबूत आणि समजही शाबूत; परंतु एखादी कृती ठरवून करावयाची म्हटले की तिच्या हालचालींची जुळणी मेंदूला साधत नाही. प्रसंगाच्या ओघात घडणारी तीच कृती मात्र पुष्कळदा सहज पार पडते.

अशा रुग्णावर केवढा अन्याय होऊ शकतो, हे बर्लिनमधील एका प्रकरणावरून दिसून आले. ह्यूगो लीपमान या डॉक्टरांनी ते 1900 साली प्रसिद्ध केले. रुग्ण अठ्ठेचाळीस वर्षांचा एक सरकारी अधिकारी होता. समोर मांडलेल्या वस्तूंपैकी सांगितलेली वस्तू दाखवताना त्याचा उजवा हात भलतीकडेच जाई. त्याची बुद्धीच गेली, असे निदान झाले होते. लीपमान यांनी एक साधी गोष्ट केली. त्यांनी त्याचा उजवा हात धरून ठेवला आणि डाव्या हाताने तेच करावयास सांगितले. डाव्या हाताने अचूक वस्तू दाखवली! म्हणजे प्रश्न त्याला प्रथमपासून समजत होता. उत्तर देणारा हात तेवढा चुकत होता. शिकलेल्या हालचालींच्या नियोजनात मेंदूचा डावा अर्ध पुढाकार घेतो, हे लीपमान यांच्या पुढील अभ्यासातून स्पष्ट झाले.

आता वाणीकडे वळू. बोलणे हीदेखील एक हालचालच आहे, आणि फार नाजूक. ओठ, जीभ, टाळू, स्वरयंत्र आणि श्वास यांचा मेळ क्षणार्धात बसावा लागतो. तो बसवणारी योजना बिघडली की माणूस ‘पाणी’ म्हणू पाहतो, ओठ चाचपडतात आणि एकदा ‘टाणी’, एकदा ‘पामी’ असे काहीतरी बाहेर पडते. चूक झाली हे त्याला स्वतःलाच कळते, म्हणून तो पुन्हा धडपडतो. पण एक ते दहा आकडे म्हणा म्हटले, की कित्येकदा ते घडाघडा येतात. 1969 साली अमेरिकेतील फ्रेडरिक डार्ली यांनी या विकाराचे वेगळेपण मांडले. स्नायूच दुबळे झाल्याने शब्द बोबडे होतात तो विकार निराळा, आणि शब्द किंवा त्यांचा अर्थच हरवतो तो वाचाघात निराळा. मात्र एकाच रुग्णात हे एकत्र नांदू शकतात. काही लहान मुलांतही वाणीचा अप्रॅक्सिया आढळतो; अशा मुलाला ‘आळशी जिभेचा’ म्हणून रागावणे व्यर्थ आहे.

पॅरिसजवळील बिसेत्र रुग्णालयात एक रुग्ण होता. काहीही विचारा, तो ‘तां, तां’ एवढेच म्हणे. फार चिडला की एखादा अपशब्द मात्र स्पष्ट निघे. 1861 साली शल्यचिकित्सक पॉल ब्रोका यांनी त्याला तपासले. येथे किती वर्षे आहेस, असे विचारताच त्याने पंजा चार वेळा उघडून दाखवला आणि वर एक बोट धरले. एकवीस वर्षे! मोजदाद बिनचूक होती. त्याच्या मृत्यूनंतर मेंदूच्या डाव्या अर्धाच्या पुढील भागात बिघाड आढळला.

एकाएकी तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला किंवा बोलणे अडखळू लागले, तर घरगुती उपायांत वेळ दवडू नये. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते, आणि तेही तपासणीनंतर. पुढे वाचा-उपचार लागतात. म्हैसूर येथे 1965 साली स्थापन झालेली अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था या कामासाठी प्रसिद्ध आहे. मोठ्या रुग्णालयांतही वाचा-उपचारतज्ज्ञ असतात. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाणी व भाषेच्या कायम दिव्यांगत्वाचा समावेश आहे, हेही ध्यानात असू द्यावे.

उरलेले काम घरातच आहे, आणि माझ्या मते तेच अवघड. पाहुण्यांसमोर ‘हे काय, म्हणा बरे!’ अशी परीक्षा घेऊ नका. अडलेला शब्द लगेच आपण पुरा करू नका, थोडे थांबा. इंदूर-बडोद्याकडे किंवा दूर बंगळुरात राहणाऱ्या मराठी घरांत बाहेरची भाषा वेगळी असते. रुग्ण घरात ज्या भाषेत बोलत आला, तीही उपचारतज्ज्ञांना आवर्जून सांगा. पाणी हवे का, असे विचारताना पेला समोर धरा. होकार ओठांवर येण्याआधी पुष्कळदा हातच पुढे येतो.