मोठ्या सूर्यफुलासाठी मोकळी जागा
परसबागेत परातीएवढे सूर्यफूल फुलवायची हौस असेल, तर शेतातले गणित तिथे उलटे मांडावे लागते. शेतात दोन ओळींत 60 आणि दोन झाडांत 30 सेंटिमीटर अंतर ठेवतात; हिशेब एकरी उताऱ्याचा असल्याने एखादे फूल लहान राहिले तरी बिघडत नाही. घरी मात्र एकेक फूल मोजायचे असते. म्हणून प्रत्येक झाडाला चहूबाजूंनी दोन-अडीच फूट जागा द्यावी. आपण ज्याला एक फूल म्हणतो, ते शेकडो बारीक फुलांचे तबक असते आणि त्यांची आखणी कळी दिसण्याआधीच शेंड्यात सुरू होते. त्या दिवसांत रोपांची ऊन-पाण्यासाठी ओढाताण झाली, तर नंतरच्या लाडांनी ती कसर पुरती भरून निघत नाही. एका जागी दोन-तीन बिया टोकाव्यात आणि रोपे लहान असतानाच जोमदार तेवढे एक राखावे. वाणही उंच आणि एकदांडी हवे. फांद्या फुटणाऱ्या वाणाची ताकद अनेक लहान फुलांत वाटली जाते.

वाशीम-रिसोडकडची सोयाबीन-तुरीची काळी माती मुळातच कसदार. मग पावसाळ्यात युरिया दिला की काम झाले, असे कोणी म्हणेल. पण जास्तीच्या नत्राने पाला माजतो, दांडा कमकुवत होतो आणि जड तबकासह झाड लोळते. शिवाय ही माती पावसाळ्यात चिबडते, मुळांना हवा मिळत नाही, आणि ऐन फुलोऱ्यातल्या पावसाने मधमाश्यांचा वावर कमी होतो. सूर्यफूल तिन्ही हंगामांत येते. त्यामुळे ऑक्टोबरमध्ये किंवा जानेवारीअखेरीस, कुजलेले शेणखत मिसळलेल्या उंच वाफ्यावर पेरणे सोयीचे. मग पाणी आपल्या हाती राहते; कळी, फुलोरा आणि दाणे भरताना मात्र ताण पडू देऊ नये.

चार-सहा झाडांत दाणे पोचट राहतील, ही शंका रास्त आहे. सूर्यफुलाला दाणे भरण्यासाठी बहुधा दुसऱ्या झाडाचे पराग लागतात. त्यामुळे फुलोऱ्यात कीटकनाशक फवारू नये. मधमाश्या कमी दिसल्या, तर सकाळी मऊ कापड एका तबकावरून दुसऱ्यावर हलकेच फिरवावे. कडेची पिवळी फुले उमलताना लिटरभर पाण्यात दोन ग्रॅम बोरॅक्स घालून केलेली फवारणीही दाणे भरायला मदत करते. दाणे भरू लागले की पोपट येणारच. तबकावर जाळीदार कापड बांधावे.

फूल दिवसभर सूर्यामागे फिरते, हा समज अर्धाच खरा आहे. कोवळे शेंडे फिरतात, उमललेले तबक बहुधा पूर्वेकडे स्थिरावते. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅलिफोर्नियातील संशोधनानुसार, असे पूर्वाभिमुख तबक सकाळी लवकर तापते आणि त्यावर अधिक मधमाश्या येतात. तेव्हा झाडे अंगणाच्या पश्चिम कडेला लावली, तर फुलांचे तोंड अंगणाकडे राहील. अंगण लहान असेल, तर वीस झाडांच्या दाटीपेक्षा तिथे चारच झाडे लावावीत.