कोलंबियात शिकवतात तरी काय?

जयंतीच्या सभेत 'कोलंबिया' हे नाव आले नाही, असे भाषण आम्हाला आठवत नाही. पण तिथे शिकवतात काय, असे पोरांनी विचारले की वक्तेही गप्प होतात. म्हणून ही थोडी माहिती.

न्यूयॉर्कचे हे विद्यापीठ १७५४ साली किंग्ज कॉलेज म्हणून सुरू झाले. अमेरिका स्वतंत्र झाल्यावर राजाचे नाव गळाले आणि १७८४ मध्ये ते कोलंबिया झाले.

१९१३ च्या जुलैत बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन बाबासाहेब तिथे पोहोचले, तेव्हा त्यांचे वय बावीस. त्यांनी अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५ आणि मानववंशशास्त्राचे ४ अभ्यासक्रम घेतले. शिवाय राज्यशास्त्र, फ्रेंच, जर्मन. एका विषयाच्या पदवीसाठी गेलेल्याला इतकी दारे उघडी होती! आपल्याकडे कॉमर्सच्या मुलाने इतिहासाच्या वर्गात डोकावले तरी शिपाई हटकतो.

त्याच दिवसांत तिथे थॉमस मॉर्गन दुधाच्या बाटल्यांत फळमाश्या पाळून आनुवंशिकता शोधत होते. पुढे १९३३ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. फ्रान्झ बोआस हे मानववंशशास्त्रज्ञ तर वंशावरून बुद्धी ठरत नाही, हे पुराव्यानिशी मांडत होते. बोआस यांचेच शिष्य गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात ९ मे १९१६ रोजी बाबासाहेबांनी भारतातील जातींवरचा निबंध वाचला. तो योग्य जागी वाचला गेला, असे आम्हाला वाटते.

अणुविभाजनाचा अमेरिकेतील पहिला प्रयोग १९३९ मध्ये इथलाच. समुद्रतळाचे नकाशे करणाऱ्या मेरी थार्प इथल्याच लॅमाँट वेधशाळेत काम करीत. १९५२ साली विद्यापीठाने बाबासाहेबांना एलएल.डी. ही सन्माननीय पदवी दिली. आज तिथल्या लेहमन ग्रंथालयात त्यांचा अर्धपुतळा आहे.

खर्चाचे काय? फी आपल्या आवाक्यातली नाही, हे खरेच. पण तिथे पीएच.डी. करणाऱ्यांची फी बहुधा विद्यापीठच भरते, वर निर्वाहभत्ताही देते. एम.ए., एम.एस्सी.साठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. ती अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलांसाठीच आहे. केंद्राचीही वेगळी योजना आहे. मात्र सप्टेंबरात जायचे तर विद्यापीठाचा अर्ज आदल्या हिवाळ्यातच जायला हवा. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला त्याआधीच काढून ठेवा.