चाळिशी उलटलेले कॉम्प्युटर वायफायवर!

निळा पडदा आणि त्यावर अक्षरं: '38911 बेसिक बाइट्स फ्री'. हा 1982 चा कमोडोर 64. वायफायचं नावही कुणी ऐकलं नव्हतं तेव्हाचं हे यंत्र आज एकही स्क्रू न काढता घरच्या राउटरला जोडता येतं. कसं, ते पाहा!

सोंगाडी चिप
सगळी करामत ईएसपी8266 या चिमुकल्या चिपची. शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची ही चिप बसवलेला छोटा बोर्ड मुंबईत लॅमिंग्टन रोडवर दोन-तीनशे रुपयांत मिळतो. चिप वायफाय पकडते आणि कॉम्प्युटरपुढे मात्र जुन्या टेलिफोन मोडेमचं सोंग घेते.

नंबर नको, नाव द्या
1981 च्या हेज स्मार्टमोडेमने 'एटी'ने सुरू होणाऱ्या आज्ञा रूढ केल्या. 'एटीडीटी' टाइप करायचं, पुढे फोन नंबर. आजही आज्ञा तीच, फक्त नंबरच्या जागी सर्व्हरचं नाव. रिटर्न दाबलं की पडद्यावर उमटतं, 'कनेक्ट'!

नाकापेक्षा मोती जड
कमोडोरचा प्रोसेसर जेमतेम 1 मेगाहर्ट्झचा, त्याला लटकवलेली चिप 80 मेगाहर्ट्झची!

एक फोटो, 28 तास
तेव्हाचे 300 बॉडचे मोडेम सेकंदाला 30 अक्षरं पाठवायचे. त्या वेगाने मोबाइलमधला 3 एमबीचा एक फोटो यायला जवळपास 28 तास लागतील. चाळीस अक्षरांच्या पंचवीस ओळींचा मजकूर मात्र 33 सेकंदांत हजर. म्हणूनच जुनी यंत्रं जोडणारी हौशी मंडळी रमतात ती मजकुराच्या दुनियेत.

दोन्ही टोकांना एकच माणूस
स्वीडनच्या अ‍ॅडम डंकेल्सने कॉन्टिकी ही प्रणाली लिहून कमोडोरवर वेब ब्राउझर चालवून दाखवला. त्यानेच लिहिलेलं एलडब्ल्यूआयपी हे नेटवर्कचं सॉफ्टवेअर आज ईएसपी8266 च्या पोटात आहे.

यूएसबीचा पूर्वज
अटारीच्या 1979 च्या कॉम्प्युटरला फ्लॉपी ड्राइव्ह, प्रिंटर सगळं एकाच जातीच्या केबलने जोडता यायचं. ती सोय घडवणारे जो डेक्युअर पुढे यूएसबीच्या कामातही होते. त्याच सॉकेटात आज फुजीनेट नावाची डबी बसते आणि वायफायवरून फ्लॉपी ड्राइव्हचं काम करते.

कुलूप उघडत नाही
आजच्या बहुतेक वेबसाइट सांकेतिक कुलपात असतात. ते उघडण्याचं गणित 1 मेगाहर्ट्झच्या आवाक्याबाहेरचं. मग मधला एखादा सर्व्हर पान उघडून साधा मजकूर पुढे धाडतो.

आपल्या शाळांतही!
1984 मध्ये 'क्लास' प्रकल्पातून भारतातल्या शाळांत बीबीसी मायक्रो कॉम्प्युटर आले. त्यांच्या मागच्या सीरियल पोर्टलाही ईएसपी8266 ची हीच युक्ती चालते.

तुमच्या शाळेच्या कपाटात किंवा घराच्या माळ्यावर असं एखादं यंत्र असेल, तर भंगारात देऊ नका. आधी जाणकाराकडून पॉवर सप्लाय तपासून घ्या, कारण जुना सप्लाय बिघडला तर आतल्या चिप जाळतो. राउटरवर 2.4 गिगाहर्ट्झचं वायफाय सुरू ठेवा, ईएसपी8266 तेवढंच ओळखते. मग खुशाल जोडा!